कमी वयात आई झालेल्या मुलींसाठीचा अभ्यासवर्ग, बहिणीचा अनुभव

माझी धाकटी बहीण कॉलेजला जायच्या आधीच आई झाली, शाळा सुटली ती सुटलीच, मग इथे नाव घातलं. सगळ्यात भारी म्हणजे पाळणाघर अगदी वर्गाला लागून आहे, बाळ रडलं की ताई हळूच खुणावतात, ही उठून पाजून येते आणि परत बसते, कोणी वळूनसुद्धा बघत नाही. पहिले ६ महिने बाळाला फक्त आईचंच दूध द्यायचं असतं ना, मग ही सोय नसेल तर बाकी कितीही छान असू दे, मुलगी परत घरी बसणार. काढलेलं दूध ठेवायला फ्रिज पण आहे, बाहेर ते साधारण ४ तासच टिकतं.

डिलिव्हरीत बुडालेले धडे रेकॉर्डिंग करून देतात, परीक्षा पुढच्या वेळी देता येते. टीचर टोमणे मारत नाहीत, हे मला फार मोठं वाटतं.

काउन्सेलर मात्र आठवड्यातून एकदाच येतात, ते खरंच कमी पडतं, बाळंतपणानंतर मन खचतं तेव्हा वार बघून नाही खचत. आणि सकाळची बॅच घेऊ नका, रात्रभर जागून झेपत नाही, दुपारचीच मागा.