इमॅजिका पार्कजवळच्या बंगल्याच्या नावाने २७,७९८ रुपये गेले. कोकणातल्यांनी तरी वाचा

७,२५०, मग ८,५५०, मग ५,९९९, आणि पुन्हा ५,९९९. एकूण २७,७९८ रुपये. "पिन तुम्हीच टाकलात ना मॅडम?" हे वाक्य बँकेतल्या माणसाने इतक्यांदा ऐकवलंय की आता झोपेतही ऐकू येतं. हो, मीच टाकला. पण कसा टाकला ते ऐकून घ्या, मग काय हसायचं ते हसा.

मी या धंद्यातली आहे. दाभोळच्या खाडीपासून जवळच आमच्या घरगुती चार खोल्या आहेत. पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, माशांचं जेवण, मोदकांची ऑर्डर, सगळं घरातच. त्यांनी आम्हाला कधी बघितलेलं नसतं. फोनवर बोलतात, फोटो मागतात, अर्धे पैसे पाठवतात आणि गाडी काढतात. आमचं घर असंच चालतं. तेव्हा अनोळखी माणसाला अ‍ॅडव्हान्स पाठवणं यात मला वावगं काय वाटायचं? "आर्मीतून बोलतोय, जवानांसाठी खोल्या हव्यात, आधी एक रुपया पाठवा" हा फोन किनाऱ्यावरच्या बहुतेक होमस्टेवाल्यांना येऊन गेलाय. मलाही आला होता आणि मी त्या माणसाला असा झापला होता की तो पुन्हा फिरकला नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे शेजारच्या काकूंना मी शिकवलंय. एवढं माहीत असून मी फसले, म्हणून तर लिहायला बसले.

आमच्यासारख्यांना सुट्टी म्हणजे काय ते सांगायला नको. मे महिना पाहुण्यांचा, दिवाळी पाहुण्यांची, नाताळ पाहुण्यांचा. पाहुण्यांची मुलं येऊन सांगतात, आम्ही इमॅजिकाला गेलो, उलटं फिरवणाऱ्या राइडमध्ये बसलो, आणि आमची दोन्ही ऐकत राहतात. यंदा ठरवलं, सहामाही परीक्षा संपली की दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत जायचंच. आम्ही चौघं, सासू-सासरे, भावजी, जाऊबाई आणि त्यांची मुलगी. नऊ जण. घरात पहिल्यांदाच अशी सहल.

इथून एका दिवसात ते होत नाही. माणगाव, कोलाड करत वाकण फाट्याला वळायचं, पाली, मग पालीहून खोपोलीच्या रस्त्याला. महामार्गाची अवस्था तुम्हाला माहीत आहे. म्हणजे आदल्या रात्री मुक्काम, दिवसभर पार्क, आणि थकलेल्या मुलांना घेऊन रात्री परत निघायचं नाही म्हणून दुसरा मुक्काम. पार्कला लागून असलेलं हॉटेल नऊ जणांना परवडणारं नव्हतं. आईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिना नको. सगळ्या खोल्या तळमजल्यावर असलेला अख्खा बंगला हवा होता आणि तो नेटवर मिळाला. हिरवळ, लाकडी झोपाळा, मागे डोंगर, भरपूर चांगले शेरे. भाडं दोन रात्रींचं १४,५००. फार स्वस्तही नाही, की संशय यावा.

माणूस मराठी बोलणारा. "ताई, ताई" करत. आईंच्या गुडघ्यांचं ऐकल्यावर म्हणाला, "कमोडची सोय आहे ताई, काळजी नको." धाकटीचं वय विचारून म्हणाला, "तिची उंची आत्ताच मोजून ठेवा, मोठ्या राइडना उंचीची अट असते, गेटवर रडारड नको." मी उठून तिला दाराच्या चौकटीला उभी करून पेन्सिलीने खूण केली. इतकं आपुलकीने सांगणाऱ्यावर कोण संशय घेईल?

आता ती जागा, जिथे मला शंका आली आणि मी ती गिळली. मी सहज विचारलं, "पालीकडून येताना बंगला डाव्या हाताला की उजव्या?" आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्याला मी झोपेतून उठवलं तरी सांगीन की देवळानंतरचं दुसरं वळण, विहिरीशेजारी. तो क्षणभर थांबला. म्हणाला, "एक्सप्रेसवेवरून उतरलात की लोकेशन लावा." मी म्हटलं, आम्ही एक्सप्रेसवेने येतच नाही, आम्ही पालीकडून. "हो हो, लोकेशन पाठवतो ना ताई." स्वतःच्या बंगल्याची बाजू माहीत नसलेला मालक! पण मुंबईचे लोक जागा विकत घेऊन मॅनेजर ठेवतात, मॅनेजर बाहेरचा असतो, हेही आम्ही रोज बघतो. तसंच असेल, असं मनात आलं आणि मी ७,२५० पाठवले.

मग तिकिटं. "आमच्याकडून घेतलीत तर माणशी ९५०." नऊ जणांचे ८,५५०. तेही गेले. पार्कची तिकिटं पार्कच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. ग्रुपचा कोटा, ओळखीतून, आतून, हे शब्द आले की फोन ठेवा.

तिसऱ्या वेळी तो म्हणाला की नऊ जणांची नावं पोर्टलवर चढवायला ५,९९९ डिपॉझिट लागतं, चेक-इनला परत. क्यूआर स्कॅन केला तर पडद्यावर कुणा बाईचं नाव. बंगल्याचं नाव नाही, त्याचंही नाही. माझा अंगठा थांबला. हे तेवढ्यात चहा घ्यायला आत आले होते, त्यांना दाखवलं. त्याला विचारलं तर म्हणाला, "मिसेसचं खातं आहे." आणि इथे माझ्याच धंद्याने मला खाल्लं. आमचा क्यूआर आप्पांच्या नावावर आहे. होमस्टेचं नाव वेगळं, बोलणारी मी, पैसे जाणार सासऱ्यांच्या खात्यात. दर सीझनला पाहुणे विचारतात, "हे कोण?" आणि मी सांगते, "सासरे आहेत, पाठवा निर्धास्त." मग याला काय म्हणणार होते मी? हे म्हणाले, असतं असं. पिन टाकला.

लगेच फोन. "ताई, रक्कम चुकीच्या खात्यात बसली, सिस्टीम घेत नाही. तेवढीच पुन्हा टाका, दोन्ही मिळून दहा मिनिटांत परत येतील." हे मी आता लिहितेय तर मलाच खरं वाटत नाही, पण तेव्हा डोक्यात एकच होतं, आधीचे ५,९९९ अडकलेत ते सोडवायचे. पुढच्या वेळी ११,९९८ मागितले तेव्हा ओटीवरून आप्पा ओरडले, "मेला इतका गोड बोलतो तेव्हाच ओळखायचं." आप्पा हे आता रोज सांगतात. तेव्हा मात्र तेही उंचीची पट्टी शोधत होते.

जाऊबाईंचे मामा पालीत असतात. ते स्कूटर काढून गेले. बंगला आहे. झोपाळाही तोच. वॉचमन म्हणाला, मालक बंगला भाड्याने देतच नाहीत, आणि असे विचारत येणारे तुम्ही पहिले नाही. मामांना पैसे देण्याआधी पाठवायला हवं होतं, हे सांगायला नातेवाईकांची रांग लागली आहे, कृपया तुम्ही त्यात उभे राहू नका.

यानंतरचं खरं संतापजनक. १९३० हा हेल्पलाइन नंबर सगळीकडे छापलेला असतो, पहिल्या तासात फोन करा म्हणून. करा की! आमच्याकडे रेंज विहिरीपाशी. तिथे उभी राहून लावतेय, लागत नाही, लागला तर कट. शेवटी बोलायला मिळालं तर त्यांना प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक हवा. तो त्याच फोनच्या अ‍ॅपमध्ये, ज्यावर मी बोलतेय. म्हणून सांगते, फोन करण्याआधी यूटीआर, वेळ, रक्कम, समोरचा यूपीआय आयडी कागदावर लिहून घ्या. आणि व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट त्याआधी काढा. त्याने माझ्यादेखत एकेक मेसेज उडवला, फक्त "ताई" एवढाच एक राहिला.

बँकेत गेले. रिझर्व्ह बँकेचं २०१७चं परिपत्रक आहे, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर जबाबदारी नाही, असं भावजींनी शोधून दिलेलं. मॅनेजरने ते हातातही घेतलं नाही. "तुमच्या परवानगीशिवाय व्यवहार झाला असेल तर ते. तुम्ही तर परवानगी दिलीत." खोटं बोलून काढून घेतलेली परवानगी ही परवानगी कशी, असं विचारलं तर म्हणाले, पोलिसांत जा. ज्या खात्यात पैसे गेले ते उघडताना आधार, पॅन, फोटो सगळं घेतलेलं असणार ना कुठल्यातरी बँकेने? मला साधं पासबुक बदलून घ्यायला दोन झेरॉक्स लागतात, आणि या बाईचं खातं कुणी कसं उघडलं हे कुणालाच विचारायचं नाही?

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "घटना कुठे घडली?" मी म्हटलं, आमच्या ओटीवर. "बंगला कुठे?" खालापूर तालुक्यात. "मग तिकडे जा." नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. हे मी सांगितलं तर हवालदारसाहेब म्हणाले, "ताई, वाचून आलाय वाटतं." हो, वाचून आले, कारण तुम्ही वाचलं नाहीत! मग कळलं की माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा, आणि साहेब मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्तात. पुन्हा गेले तर कुठल्याशा मीटिंगला. बाकावर माझ्याशेजारी बसलेल्या एका आजोबांचे वीजबिलाच्या नावाने गेले होते. त्यांना तर अर्ज मराठीत चालेल का हेही कुणी सांगेना. शेवटी अर्जावर शिक्का मारून पोच दिली. ती पोच घेतल्याशिवाय उठू नका, कुणी कितीही "बघतो" म्हणालं तरी. एफआयआर अजून नाही, कारण रक्कम "तशी लहान" आहे. चार खोल्यांचा पूर्ण आठवडा भरला तर आमच्या हातात तेवढे राहतात, साहेब.

सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर मी केलेल्या तक्रारीवरून एका खात्यात १,६४० रुपये रोखून धरलेत. बाकीचे तिथून पुढे कुठल्या कुठे गेले. ते १,६४० सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकिलांनी फी सांगितली ३,०००. हिशेब तुम्हीच करा.

बंगला बुक करणार असाल तर व्हिडिओ कॉल करून फाटकापासून आत चालत दाखवायला सांगा, आत्ता, याच मिनिटाला. नेटवरच्या नकाशावर कुठल्याही जागेचा फोन नंबर बदलायची सूचना बाहेरचा माणूस टाकू शकतो, तेव्हा तिथला नंबर म्हणजे मालकाचा नंबर नव्हे. परत मिळणारे पैसे आधी द्यायचे नसतात. आणि रस्ता विचारा, लोकेशन नको, तोंडी रस्ता. मीही आता क्यूआरवर होमस्टेचंच नाव यावं म्हणून बँकेत अर्ज दिलाय. पाहुण्यांना "निर्धास्त पाठवा" म्हणायची आता मलाच लाज वाटते. तो अर्जही अजून पडून आहे, ही गोष्ट वेगळी.

परवा फोन आला. "सायबर शाखेतून बोलतोय, तुमची २७,७९८ची रिकव्हरी झाली आहे, प्रोसेसिंगचे ४९९ भरा." रक्कम बरोबर, माझं नाव बरोबर. ही माहिती त्याच्याकडे कुठून आली याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. आई देवघरातून उठून बघायला आल्या. तोही नंबर पोर्टलवर टाकला. पोच आली आहे.