जीएसटी टिकला, शेती कायदे का नाही टिकले?

निपाणीहून कोल्हापूरला माल पाठवायचा म्हणजे दोन राज्यांचे कर आणि विक्रीकर नाक्यावरची रांग. सीमाभागातल्या आम्हा व्यापाऱ्यांना हे पाठच होतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ते नाके उठले. सुरुवातीचे दिवस वाईट होते. पोर्टल अडकायचं, बेळगावच्या छोट्या फाउंड्रीवाल्यांना विवरणपत्रं भरताना नाकी नऊ यायचे. तरीही तो टिकला.

कारण त्यामागे अनेक वर्षांची बोलणी होती. महसूल बुडेल ही राज्यांची भीती खरी होती, म्हणून वर्षाला १४ टक्के वाढ गृहीत धरून पाच वर्षं भरपाईची कायदेशीर हमी दिली गेली. केंद्र आणि राज्यांचे मंत्री मिळून जिथे कराचे निर्णय घेतात, त्या जीएसटी परिषदेत राज्यांच्या मतांचं वजन दोन तृतीयांश, निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत. म्हणजे एकट्या केंद्राला काहीच रेटता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दरांचे टप्पे कमी झाले, तेही परिषदेतूनच.

शेती कायद्यांचं उलट झालं. जून २०२० मध्ये अध्यादेश, सप्टेंबरमध्ये संसदेची मंजुरी, जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती, नोव्हेंबरमध्ये माघार. या कायद्यांतली शेतमाल बाजार समितीबाहेर विकायची मुभा मला स्वतःला पटत होती. पण ज्याचं पोट हमीभावावर आहे, त्याला आधी विश्वासात घ्यायला हवं होतं. विधेयकं संसदीय समितीकडेही गेली नाहीत.

जीएसटीची भरपाई जून २०२२ मध्ये संपली. आता राज्यांच्या तक्रारी परिषदेतच सुटतील का, याची मला काळजी वाटते.