पंधरा वर्षांची हिरो होंडा स्प्लेंडर: ठेवावी की काढावी?

९७.२ सीसीचं हे इंजिन सहजासहजी मरत नाही, हीच खरी अडचण. गाडी चालते म्हणून माणूस खर्च करत राहतो.

आधी धूर बघा. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केल्यावर क्षणभर निळा धूर आला आणि मग थांबला, तर व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हवरून ऑइल आत उतरू न देणारे रबर) कडक झालेत. किरकोळ काम आहे. रेस दिली की सतत निळा धूर निघत असेल, तर पिस्टनची रिंग किंवा बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) गेलाय. खात्रीसाठी स्पार्क प्लग काढून त्या भोकात चमचाभर ऑइल सोडा, प्लग बसवा आणि किक मारून बघा. किक पहिल्यापेक्षा जड लागली, तर गळती रिंगमधूनच आहे. पहिलंच बोअरिंग (बोअर घासून थोडा मोठा करणं) असेल तर ०.२५ मिमी मोठा पिस्टन टाकून खुशाल ठेवा. ब्लॉक (बोअर असलेला सिलिंडर) आधीच १.०० मिमीपर्यंत मोठा केला असेल, तर नवा ब्लॉक किट लागेल; तिथे हिशेब बदलतो.

चेनसेट, कोनसेट (हँडलचे बेअरिंग), क्लच प्लेट हे झिजणारेच भाग, त्यांच्यासाठी गाडी विकू नये. सुटे भाग अजून तालुक्याच्या बाजारातही मिळतात. पण चॅसिस स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बोल्टापाशी गंजली असेल, तर वेल्डिंगवर विसंबू नका. कोकणातल्या गाड्यांत ही जागा हमखास तपासावी.

पंधरा वर्षांनंतर आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) ५ वर्षांसाठी नव्याने करावी लागते, पर्यावरण कर वेगळा. विकायची ठरलीच, तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून आरसी खरेदीदाराच्या नावावर होईपर्यंत पाठपुरावा करा.