ऑफिससाठी कॅरम: १२ मिमी जाडीचा मोठा बोर्डच घ्या

जेवणाच्या सुट्टीत साहेब आणि नवा शिकाऊ यांना समोरासमोर बसवणारं, वीज न लागणारं साधन म्हणून आमची पहिली पसंती कॅरमलाच. मात्र खेळायची जागा पूर्ण ७४ सेंमी हवी. लहान बोर्डावर मोठ्यांचे हात अडखळतात.

नियमात ८ मिमी प्लाय चालतो, पण रोजच्या वापराला १२ मिमीच टिकतो. चौकट रुंद आणि जड बघा, रिबाउंड (कडेला आपटून परतीची उसळी) तिथूनच मिळतो. पावसाळ्यात बोर्ड भिंतीला तिरका टेकवून ठेवला की प्लाय वाकतो आणि सोंगट्या आपोआप एका बाजूला वळू लागतात. आडवा ठेवा. बोरिक पावडर चिमूटभर पुरते. टाल्कम दमट हवेत चिकटते. एसीच्या झोताखाली तर बोर्ड नकोच, सगळी पावडर कीबोर्डवर जाते!

स्ट्रायकर १५ ग्रॅमपेक्षा जड नको, सोंगट्यांच्या कडा उडतात. २५ गुणांचा गेम सुट्टीत मावत नाही. एकच बोर्ड, म्हणजे एकच डाव, खेळा आणि उठा. एचआरने हजेरी घेऊन सक्तीच्या स्पर्धा भरवू नयेत, त्यात मजाच मरते. स्टँड बहुधा वेगळा घ्यावा लागतो: उंची ६३ ते ७० सेंमी.