मंडन करू का खंडन? भाच्याचा प्रश्न

खानापूरचा भाचा परवा टिळकवाडीत घरी आला, कॉलेजात वादसभा आहे, विषय 'सगळं ज्ञान अनुभवातूनच येतं', आणि मामा बाजू कुठली घेऊ सांगा की म्हणून बसला. खंडन सोपं असतं असं पोरं म्हणतात ते सोडा.

तयारी बघितली तर खंडनात खरंच कमी कष्ट. 'सगळं' म्हटलंय ना, मग एक उदाहरण चुकीचं निघालं की झालं. सात आणि पाच बारा होतात हे दरवेळी खडे मोजून तपासतोस का, एवढं विचार. एडमंड गेटिअर या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1963 मध्ये तीनेक पानांच्या लेखात फक्त दोन उदाहरणं देऊन ज्ञानाची जुनी व्याख्या, म्हणजे खरा आणि सकारण विश्वास म्हणजे ज्ञान, हलवली. मंडनवाल्याला मात्र गणित, तर्क, लहान मुलाची उपजत समज, सगळ्याची उत्तरं आधीच तयार ठेवावी लागतात, आणि एक दार उघडं राहिलं की गेला.

पण नुसतं पाडत बसलास आणि स्वतःचं काहीच मांडलं नाहीस तर न्यायसूत्रात, म्हणजे तर्क-वादावरच्या आपल्या जुन्या ग्रंथात, त्याला वितंडा म्हणतात, परीक्षक विचारणारच, मग तुझं मत काय? इथं भाचा कुंदा खाता खाता थांबला.

मंडनात एक सोय आहे, दावा आवळता येतो, 'सगळं'च्या जागी 'जगाबद्दलचं'. फक्त हे सुरुवातीलाच कर, मार खाल्ल्यावर केलंस तर पळ काढल्यासारखं दिसतं.

वेळ दोनच दिवस आणि जीभ चुरचुरीत असेल तर खंडन घे. महिनाभर वाचायची तयारी असेल, विषय खरंच समजून घ्यायचा असेल तर मंडन.