ओईटी की आयईएलटीएस? मराठवाड्यातून परदेशी निघालेल्या नर्सनं काय द्यावं

दिवाळीत लातूरला आले की दोन-तीन मुली हमखास घरी येतात. कुणी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून खासगी दवाखान्यात लागलेली असते, कुणी बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असते. चहापाणी होतं, गावाकडचं बोलणं होतं आणि मग मुद्द्याची गोष्ट निघते, "ताई, ओईटी देऊ का आयईएलटीएस?" दोन्ही इंग्रजीच्याच परीक्षा, परदेशात नर्स म्हणून लागायला यांतली एक द्यावी लागते: ओईटी खास दवाखान्यातल्या कामाच्या इंग्रजीची, आयईएलटीएस सर्वसाधारण इंग्रजीची. सोबत आलेले वडील पैशाचं विचारतात. मी दोन्ही परीक्षा दिल्यात, आता इंग्लंडमध्ये वॉर्डात काम करते, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

इंग्लंडचं नर्सिंग कौन्सिल, म्हणजे एनएमसी, दोन्ही परीक्षा सारख्याच मानतं. आयईएलटीएस अकॅडमिकमध्ये ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत प्रत्येकी ७ बँड लागतात, लिहिण्यात ६.५. ओईटीमध्ये पहिल्या तिन्हींत बी ग्रेड, म्हणजे ५००पैकी किमान ३५०, आणि लिहिण्यात सी प्लस, म्हणजे ३००. दार एकच आहे, फक्त तिथवर जायच्या वाटा वेगळ्या आहेत. कुठली वाट तुमच्या पायाला सोसेल, हे तुमच्या आजवरच्या कामावर ठरतं.

मी आधी आयईएलटीएस दिली, कारण क्लासच्या पाटीवर तेच नाव मोठं होतं. लिहिण्याच्या पेपरात एक तास. आधी एखादा आलेख किंवा तक्ता देतात, त्याचं वर्णन किमान १५० शब्दांत करायचं. मग २५० शब्दांचा निबंध. माझ्या निबंधाचा विषय शहरातल्या वाहतुकीवर होता. मी सात वर्षं मेडिसिन वॉर्डात काढलेली बाई. मला वाहतुकीवर मत नव्हतं असं नाही, पण ते इंग्रजीत मांडून, त्याला दोन बाजू देऊन, वेळेत संपवायची सवयच कधी लागली नव्हती. बारावीपर्यंत सगळं शिक्षण मराठीतून झालेलं. लिहिण्यात ६ आले, बोलण्यात ६.५. दुसऱ्यांदा दिली तेव्हा बोलणं सुधारलं, लिहिणं जागच्या जागी.

ओईटीतही लिहिणं आहेच, पण तिथे एक पत्र लिहायचं असतं. पेशंटच्या केस नोट्स हातात देतात, पाच मिनिटं वाचायला आणि चाळीस मिनिटं लिहायला. समजा, बहात्तर वर्षांच्या आजी, खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी जायच्यात आणि पुढची ड्रेसिंग गावातली नर्स करणार आहे. त्या नर्सला १८० ते २०० शब्दांत पत्र लिहायचं. नोट्समध्ये सगळं कालवलेलं असतं: जुनं अपेंडिक्सचं ऑपरेशन, नातवाचं शिक्षण, टाके कधी काढायचे, कुठली गोळी चालू आहे, आजींना जिना चढवत नाही. खरी परीक्षा निवडण्यात आहे. टाके, गोळी आणि जिना पत्रात हवेच. अपेंडिक्स नको. आपल्याकडे केस शीट भरताना काही सुटू नये म्हणून सगळं लिहायची सवय असते, ती इथे मार्क खाते. पण पेशंट समोर उभा केला की काय महत्त्वाचं हे नर्सला लगेच कळतं. मला कळलं. पहिल्याच फटक्यात ३४० आले, इंग्रजी तेच होतं.

बोलण्याच्या पेपरात हा फरक आणखी ठळक आहे. आयईएलटीएसमध्ये परीक्षक ११ ते १४ मिनिटं गप्पा मारतो आणि मधे एका विषयावर दोन मिनिटं सलग बोलायला लावतो. ओईटीमध्ये दोन प्रसंग असतात, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे, आधी तीन मिनिटं कार्ड वाचायला. समोरचा माणूस पेशंट होतो नाहीतर पेशंटचा नातेवाईक. भाषेबरोबर तुम्ही त्याच्याशी कसं वागता यालाही गुण असतात: त्याचं म्हणणं ऐकलं का, त्याला नेमकी कशाची भीती आहे ते विचारलं का, सांगितलेलं त्याला समजलं का.

आपल्या पोरी इथे एका जागी हमखास अडकतात. घाबरलेल्या पेशंटला आपण मनापासून म्हणतो, "काही होत नाही काका, घाबरू नका." आपल्याकडे या एका वाक्यानं माणूस सावरतो. इंग्रजीत हेच वाक्य पहिल्याच मिनिटाला टाकलं की समोरच्याला वाटतं, माझं ऐकून न घेताच विषय मिटवला. आधी विचारायचं असतं, तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते? धीर त्यानंतर द्यायचा. मला हे वळण लागायला दोन महिने लागले. आणि खरं सांगते, आजही वॉर्डात रोज उपयोगी पडतं ते हेच.

दुखण्याचे शब्द मात्र आपल्याकडे भरपूर आहेत. लातूरकडची म्हातारी म्हणेल, "गळू लई ठसठसायलंय," "पायाला मुंग्या यायल्यात," "कंबरेतून चमक निघायली," "पोटात आग पडायली." या प्रत्येकाला इंग्रजीत नेमका शब्द आहे. ठसठसणं म्हणजे थ्रॉबिंग, मुंग्या म्हणजे पिन्स अँड नीडल्स, चमक म्हणजे शूटिंग पेन, आग म्हणजे बर्निंग. मी एक छोटी वही केली होती, डावीकडे पेशंटचं बोलणं, उजवीकडे इंग्रजी. ओईटीच्या ऐकण्याच्या पहिल्या भागात पेशंट आपलं दुखणं सांगत असतो आणि रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. तिथे ही वही थेट कामाला आली. आयईएलटीएसच्या तयारीत असं काही करायचं मला सुचलंही नसतं.

हे वाचून सगळ्यांनी ओईटीच द्यावी, असं मात्र नाही. ओईटी फक्त बारा व्यवसायांसाठी आहे. नर्सिंग, डॉक्टरी, फार्मसी, फिजिओथेरपी, दातांचे डॉक्टर, एक्स-रेवाले हे त्यात येतात. लॅब टेक्निशियन त्यात नाही. उदगीरची एक मुलगी डीएमएलटी करून ओईटीचं पुस्तक घेऊन बसली होती, कुणीतरी सांगितलं म्हणून. तिच्यासाठी आयईएलटीएसच. तसंच ज्यांचं अजून ठरलेलं नाही, नर्सिंग करत राहायचं की परदेशात पुढचं शिक्षण घ्यायचं, त्यांनाही आयईएलटीएस बरी, कारण विद्यापीठांत ती सर्रास चालते. आणि नुकतीच पास झालेली, वॉर्डात जेमतेम सहा महिने काढलेली मुलगी असेल तर तिला ओईटीचा फायदा कमी होतो, कारण त्या केस नोट्समागचा पेशंट तिनं अजून पाहिलेलाच नसतो.

आता पैसे. आयईएलटीएसला साधारण अठरा हजार रुपये लागतात, ओईटीला तीस हजारांच्या वर. खासगी दवाखान्यातल्या नर्सचे हे दोन-तीन महिन्यांचे पगार असू शकतात. म्हणून वडिलांना मी सरळ सांगते, एकदा ओईटी आणि दोनदा आयईएलटीएस यांचा खर्च जवळपास सारखाच. माझे आयईएलटीएसचे दोन प्रयत्न धरले तर स्वस्त म्हणून घेतलेली वाट मला महागात पडली. एक सवलत लक्षात ठेवा: एकाच परीक्षेच्या, बारा महिन्यांच्या आतल्या दोन प्रयत्नांचे गुण एनएमसी जोडून धरतं. मात्र कुठल्याच भागात गुण फार खाली गेलेले चालत नाहीत. त्यामुळे एक भाग थोडक्यात हुकला तर हातपाय गाळू नका.

क्लासचंही तसंच. मी पुण्यात तीन महिने खोली घेऊन एका क्लासला गेले. साठ जणांची बॅच, आणि पाठ करायला तयार पत्रं. परीक्षेत पेशंट बदलला की पाठ केलेलं पत्र फुकट जातं. पुढे एका बाईंकडे आठवड्यातून दोनदा फोनवर शिकले, त्या माझी पत्रं लाल करून परत पाठवायच्या. त्या लाल रेघांनी जितकं शिकवलं तितकं खोलीच्या भाड्यानं नाही. व्याकरण कच्चं असेल, "शी हॅव पेन" असं तोंडातून निघत असेल, तर कुठल्याही परीक्षेच्या क्लासआधी सहा महिने निव्वळ वाक्यं पक्की करा. ती जागा ओईटी भरून काढत नाही. सोबत केरळच्या सिस्टर असतील तर त्यांच्याशी ड्युटीवर इंग्रजीतच बोला. मी तेच केलं, दोघींचाही फायदा झाला.

वॉर्डात उतरल्यावर जे लागतं ते दोन्ही परीक्षांत पुरतं येत नाही. आपण लागेल तसं द्यायच्या औषधापुढे एसओएस लिहितो, इथे पीआरएन. आपण लूज मोशन म्हणतो, इथे डायरिया. पेशंट "एक्स्पायर" झाला असं कुणी म्हणत नाही, "डाइड" म्हणतात. सिस्टर म्हणजे प्रत्येक नर्स नव्हे, वॉर्डाची प्रमुख. पहिल्या आठवड्यात एका आजोबांनी "पुअरली" वाटतंय म्हटलं आणि मला ते गरिबीबद्दल बोलतायत असं वाटलं. त्यांना बरं वाटत नव्हतं. ओईटीच्या तयारीनं निदान विचारायचं धाडस दिलं होतं, म्हणून मी थांबून विचारलं.

जर्मनीला जायचं असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, तिथे नर्सिंगला जर्मन भाषा लागते, साधारण बी टू पातळीपर्यंत.

यंदा आलेल्या मुलींत एक चाकूरची होती. चार वर्षं आयसीयूत, वाक्यं नीट, फक्त लिहायला घाबरते. तिला मी ओईटी सांगितली, पण फी लगेच भरू नको म्हटलं. आपल्याच वॉर्डातून घरी जाणाऱ्या पेशंटचं, नाव न घालता, आठवड्याला एक पत्र मला पाठव. सलग तीन पत्रांत मला लाल पेन उचलावा लागला नाही, की तारीख घे. पहिलं पत्र परवा आलं. साडेतीनशे शब्दांचं आहे, आणि त्यात अपेंडिक्सही आहे.