मातीकामाचा सामायिक स्टुडिओ साथीत पुन्हा उघडायचाय? ठरलेल्या तुकड्या, खुल्या वेळा की फक्त भट्टी

आठ चाकं, विजेची एक भट्टी, एक सिंक आणि आलटून पालटून येणारे वीस-पंचवीस सभासद, अशा स्टुडिओसमोर तीन वाटा असतात. पहिली म्हणजे आधी नोंदवून कुणीही कुठल्याही वेळी यावं. दुसरीत चार-चार जणांच्या कायमच्या तुकड्या पाडतात. तिसरीत सभासद घरी काम करतात आणि स्टुडिओ फक्त माती देतो, भांडी भाजून देतो. कोविडसारखी हवेतून पसरणारी साथ असेल, तर सुरुवात तिसरीने करावी आणि हवेची व्यवस्था झाली की तुकड्या सुरू कराव्यात. खुल्या वेळा सगळ्यांत शेवटी.

१० मार्च २०२० रोजी अमेरिकेतल्या स्कॅजिट व्हॅलीत एका गायनवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. हजर ६१ जणांपैकी, संशयित धरून, ५३ आजारी पडले आणि दोघं दगावले. चाकावर कुणी गात नसतं, पण तासही तसाच दोन-अडीच तासांचा आणि खोलीही बहुधा बंद. म्हणून नुसती डोकी निम्मी करणं पुरत नाही. महाराष्ट्रात ५ नोव्हेंबर २०२० पासून नाट्यगृहं निम्म्या क्षमतेने उघडली, तोच नियम अनेकांनी आपल्या छोट्या जागेलाही लावला. पण नाट्यगृहाचं उंच छत आणि दहा फूट उंचीची खोली यांचा हिशेब एक नाही.

खुल्या वेळा आणि तुकड्या यांतला खरा फरक रिकाम्या वेळेचा आहे. खोलीतली हवा तासाला ६ वेळा बदलत असेल, तर सगळे गेल्यावर हवेतले ९९ टक्के कण निघून जायला साधारण ४६ मिनिटं लागतात. २ वेळाच बदलत असेल तर १३८ मिनिटं. तुकड्यांमध्ये एक तास मोकळा ठेवता येतो. खुल्या वेळांत एक जण निघतो तोवर दुसरा आलेला असतो, त्यामुळे हवा कधीच साफ होत नाही. शिवाय कुणी आजारी पडलं, तर तुकडीतले चार जणच घरी बसतात. खुल्या वेळांत आठवडाभराची नोंदवही उघडून सगळ्यांना फोन करावे लागतात.

तुकड्यांची पद्धत बहुतेक शिक्षकापाशी फुटते. एकच शिक्षक पाचही तुकड्यांना शिकवत असेल, तर तुकड्या कागदावरच राहतात. जमलं तर वार वाटून दोन शिक्षक ठेवा. नाहीतर शिक्षकाने पूर्ण वेळ घट्ट बसणारा, झडप नसलेला एन-९५ लावावा, आणि माती चाकाच्या मध्यावर आणताना विद्यार्थ्याच्या हातांवर वाकून हात धरणं बंद करावं. शिक्षकाच्या चाकावर वरून फोन लावून चित्र पडद्यावर दाखवलं की बरंच काम भागतं. दुसरी फट चहाची. मास्क उतरतात ते चहाला, म्हणून चहा अंगणात किंवा गच्चीत.

फक्त भट्टीची वाट सर्वांत सुरक्षित, पण भांड्यांना सर्वांत जाचक. घरी चाक नसतं, म्हणून वळ्या रचून आणि पाट्या लाटून काम करायचं. माती स्टुडिओनेच द्यावी, ५ किलोच्या पिशवीत, वर मातीचं नाव आणि भाजायचं तापमान लिहून. कुणी बाहेरची लाल माती आणली आणि ती १२०० अंशांच्या भाजणीत गेली, तर वितळून शेल्फला चिकटते आणि शेजारच्यांची भांडीही जातात. पूर्ण सुकलेलं कच्चं भांडं रिक्षाच्या धक्क्याने तडकतं, आधी कान तुटतो. स्पंजचे तुकडे भरलेल्या खोक्यात, एकमेकांना न टेकवता आणायला सांगा. ओलसर भांडं भट्टीत गेलं तर फुटतं, आणि कोकणात किंवा घाटमाथ्यावर जुलैत सुकायला दोन आठवडेही कमी पडतात. भाजणी रात्री, खोलीत कुणी नसताना, भट्टीचा धूर बाहेर काढणारा पंखा लावून करावी. भाजून निघालेल्या भांड्यावर विषाणूची चिंता उरत नाही.

पैसे कुठे घालावेत, हा दुसरा निर्णय. एक्झॉस्ट पंखा आधी, एअर प्युरिफायर नंतर. ३० बाय २० फूट, छत १० फूट, म्हणजे ६,००० घनफूट. तासाला ६ वेळा हवा बदलायची तर ३६,००० घनफूट, म्हणजे साधारण १,००० घनमीटर. एक पंखा कागदावर तेवढं ओढत असला तरी जाळी आणि धूळ यांनी जोर कमी होतो, म्हणून दोन लावा, आणि समोरच्या भिंतीची खिडकी उघडी ठेवा. पंख्याशेजारचीच खिडकी उघडी राहिली तर तो तिथलीच हवा ओढतो आणि कोपरे कोंदट राहतात. उदबत्ती घेऊन प्रत्येक चाकापाशी उभं राहा: धूर पंख्याकडे वळला पाहिजे. स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, त्याच्या भरवशावर खिडक्या लावू नका.

प्युरिफायरने हेच साधायचं तर ताशी ३०० घनमीटरचे चार नग लागतात, आणि मातीच्या धुळीने त्यांच्या बाहेरच्या जाळ्या भरभर तुंबतात. पावसाची झड आत येते म्हणून खिडकी लावावी लागते, तिथे मात्र ते खरंच उपयोगी. श्वासातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड खोलीत साचला, म्हणजे हवा पुरेशी बदलत नाही. तो मोजणारा मीटर घेतलात तर एनडीआयआर, म्हणजे अवरक्त प्रकाशाने मोजणाऱ्या, सेन्सरचाच घ्या. स्वस्तातले काही मीटर सॅनिटायझरच्या वाफेनेही उसळतात. आकडा ८०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ८०० भाग) खाली राहावा. प्युरिफायरने हवेतले कण गाळले तरी हा आकडा उतरत नाही, हे लक्षात असू द्या. माणसांवर जंतुनाशक फवारणाऱ्या बोगद्यांवर काहीच खर्च करू नका. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच त्याविरुद्ध सूचना दिली होती.

या वाऱ्याची किंमत मातीला मोजावी लागते. झोतात ठेवलेल्या भांड्याची कड आधी सुकते, तळ ओला राहतो, आणि तडा जातो. सुकवायच्या फळ्या झोताबाहेर ठेवा, वर प्लास्टिक सैल झाका. कोरडा झाडू पूर्ण बंद: मातीच्या धुळीत सिलिका असते आणि वारा ती उडवतो. ओलं फडकं फिरवा, भांडी कोरडी घासू नका.

चिखलाच्या हातांवर सॅनिटायझर नीट चालत नाही. दोन बादल्यांत माती धुवून मग नळावर साबण, म्हणजे सिंकही तुंबत नाही. शेवटच्या दहा मिनिटांत सगळे सिंकपाशी जमतात. एकेकाला पाच-पाच मिनिटांच्या अंतराने उठवा. तार, सुई, स्पंज, घासणी यांचा डबा प्रत्येकाचा वेगळा, नाव घातलेला. सामायिक लोखंडी हत्यारं साबणाने धुवा, ब्लीचने गंजतात. माती जोडायला व्हिनेगर वापरत असाल तर तिथे ब्लीच आणूच नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो.

पंखे बसवायला घरमालकाची परवानगी मिळत नसेल आणि खिडकी एकाच भिंतीला असेल, तर प्युरिफायर येईपर्यंत फक्त भट्टी चालू ठेवा, आणि चाकं दोन-दोन करून अंगणात काढता येतात का ते पाहा.